रजिस्ट्रीच्या परवानग्यांमुळे अडणारे इन्स्टॉलेशन : एरर १४०२ आणि १४०६ यांचे निवारण

विंडोजवर एखादे सॉफ्टवेअर बसवताना प्रगतीची पट्टी निम्म्याहून पुढे सरकते, मग मध्येच एक चौकट उघडते आणि तीत ‘कुड नॉट ओपन की’ किंवा ‘कुड नॉट राइट व्हॅल्यू टू की’ असे शब्द, त्यांच्यामागे रजिस्ट्रीतला (विंडोज व प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज जेथे साठवतात, त्या कोठारातला) एक लांबलचक पत्ता आणि शेवटी ‘या कीसाठी तुमच्याकडे पुरेसा अधिकार आहे याची खात्री करा’ अशा अर्थाची सूचना दिसते. ‘रिट्राय’ दाबले तर तीच चौकट पुन्हा येते आणि ‘कॅन्सल’ दाबले तर पट्टी उलटी सरकत जाऊन तोवर झालेले सर्व काम पुसले जाते. पहिल्या संदेशाचा क्रमांक १४०२ असतो, दुसऱ्याचा १४०६. की म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा आणि व्हॅल्यू म्हणजे त्यातली नोंद. की तयार करता न येणे (१४०१), व्हॅल्यू पुसता न येणे (१४०३) आणि की पुसता न येणे (१४०४) हे याच घराण्यातले संदेश असून त्यांचे निवारणही याच वाटेने होते.

या अडचणीवर सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे सेटअपवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. बहुतेक वेळा त्याने काहीही साधत नाही आणि त्यामागचे कारण नीट समजून घेतल्यास पुढचा सर्व उलगडा सोपा होतो. एमएसआय प्रकारचे (विंडोज इन्स्टॉलरच्या स्वरूपातले) पॅकेज जेव्हा संगणकावरील सर्व वापरकर्त्यांसाठी बसवले जाते, तेव्हा रजिस्ट्रीत प्रत्यक्ष लिहिण्याचे काम तुमचे खाते करत नाही. ते ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिस करते, आणि ती ‘सिस्टिम’ या अंतर्गत खात्याच्या नावाने चालते. म्हणजे तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहात की नाही हा प्रश्न सेटअप सुरू करण्यापुरताच उरतो. ज्या कीच्या परवानग्यांच्या यादीत ‘सिस्टिम’चे नावच नाही, किंवा असूनही त्याला फक्त वाचण्याचा अधिकार आहे, तेथे सर्व्हिस अडते आणि संपूर्ण इन्स्टॉलेशन माघारी जाते. म्हणून तपासताना ‘मला परवानगी आहे का’ असे न विचारता ‘या एका कीवर सिस्टिमला परवानगी आहे का’ असे विचारावे.

निरोगी विंडोजमध्ये ‘एचकेएलएम’ (एचकी लोकल मशीन, म्हणजे संपूर्ण संगणकाच्या सेटिंग्जची शाखा) खालील ‘सॉफ्टवेअर’ या शाखेवर सिस्टिम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स यांना पूर्ण अधिकार असतो, सामान्य ‘युजर्स’ना वाचण्याचा असतो आणि खालच्या बहुतेक कीज हे अधिकार वरच्या शाखेकडून वारशाने घेतात. बिघाड होतो तो या वारशाच्या साखळीत. एखाद्या प्रोग्रॅमने आपल्या कीचा वारसा तोडून स्वतःची वेगळी यादी लावलेली असते, कुठे ‘डिनाय’ची नोंद असते, जी त्याच पातळीवरच्या ‘अलाऊ’च्या आधी विचारात घेतली जाते, तर कुठे मालकी अशा खात्याकडे असते, जे आता अस्तित्वातच नाही.

नेमकी की कोणती, हे आधी ठरवा

चौकटीत दिसलेला पत्ता लिहून घ्यावा, परंतु केवळ त्यावर विसंबू नये, कारण ती चौकट कधी अर्धाच पत्ता दाखवते, आणि सेटअपने आपले वेगळे आवरण घातलेले असेल तर पत्ता दाखवतच नाही. त्यासाठी इन्स्टॉलरचा सविस्तर लॉग काढावा लागतो. हाती एमएसआय फाइल असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एमएसआयएक्झेक या आज्ञेपुढे स्लॅश-आय आणि फाइलचा पत्ता, त्यापुढे स्लॅश, एल, तारांकन, व्ही ही अक्षरे सलग आणि शेवटी लॉग फाइलचे नाव द्यावे. सेटअपची एकच एक्झी फाइल असेल तर ग्रुप पॉलिसीच्या (विंडोजचे नियम एका ठिकाणाहून ठरवण्याच्या सोयीच्या) संपादकात विंडोज इन्स्टॉलरच्या कप्प्यात जाऊन लॉगिंगची सेटिंग चालू करावी आणि तिच्या रकान्यात ‘व्हॉइसवॉर्मअप’ हा शब्द इंग्रजीत, छोट्या अक्षरांत लिहावा. त्यातले प्रत्येक अक्षर एकेका प्रकारच्या नोंदीसाठी आहे. यानंतर वापरकर्त्याच्या टेम्प फोल्डरमध्ये ‘एमएसआय’ने सुरू होणाऱ्या नावाच्या लॉग फाइली आपोआप तयार होतात. काम झाल्यावर ही सेटिंग बंद करावी, कारण ती चालू राहिली तर प्रत्येक इन्स्टॉलेशन मंदावते आणि टेम्प फोल्डर भरत जाते.

लॉग हजारो ओळींचा असतो, पण तो वरून खाली वाचायचा नसतो. नोटपॅडमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधावेत. जी क्रिया अपयशी ठरून गाडी थांबली, तिच्या शेवटी हे शब्द येतात. तेथून थोडे वर सरकले की १४०२ किंवा १४०६ असा क्रमांक असलेली खरी ओळ सापडते. येथे एक मोठी फसगत टाळायला हवी. लॉगमध्ये ‘नोट’ या शब्दाने सुरू होणाऱ्या आणि १४०२ हाच क्रमांक असलेल्या डझनावारी ओळी दिसतात व त्या पाहून माणूस घाबरतो; पण त्यांच्या शेवटचा आकडा पाहावा. तो २ असेल तर अर्थ एवढाच, की मागितलेली की तेथे नाही. इन्स्टॉलर अनेक ठिकाणी डोकावून पाहतो आणि काही नसेल तर पुढे जातो, त्यामुळे या ओळी पूर्णपणे निर्धोक आहेत. आकडा ५ असेल तरच तो ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’, म्हणजे आपला विषय. आकडा १०१८ असेल तर ती की पुसण्यासाठी खूण केलेली पण अजून कुणीतरी उघडी धरलेली आहे. अशा वेळी परवानग्यांना हात न लावता संगणक रीस्टार्ट करावा. १०१५ किंवा १०१६ हे आकडे रजिस्ट्रीची फाइलच खराब झाल्याचे किंवा तिच्या वाचन-लेखनात दोष असल्याचे सांगतात, आणि तेथे परवानग्या बदलत बसण्याऐवजी आधी डेटाचा बॅकअप घेऊन डिस्क तपासणे शहाणपणाचे.

पत्त्याबाबतही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लॉगमध्ये लोकल मशीनच्या नावाला चिकटून ३२ हा आकडा आला असेल तर ती नोंद ३२ बिटच्या शाखेतली असते, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ती ‘सॉफ्टवेअर’च्या खाली थेट न सापडता ‘वॉव६४३२नोड’ या कीखाली सापडते. अनेकजण चुकीच्या शाखेतली निरोगी की तपासून ‘परवानग्या तर बरोबर आहेत’ असा निष्कर्ष काढतात. दुसरी गोष्ट ‘अननोन’ने सुरू होणाऱ्या पत्त्याची. ‘अननोन’, मग ‘कंपोनंट्स’, मग ३२ अक्षर-अंकांची सलग माळ, असा पत्ता दिसला की तो कोठे शोधायचा हेच कळत नाही. ती जागा ‘एचकेएलएम’मध्ये ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘करंटव्हर्जन’, ‘इन्स्टॉलर’, ‘युजरडेटा’ आणि त्याखाली ‘एस-१-५-१८’ या कीमधील ‘कंपोनंट्स’मध्ये असते. एस-१-५-१८ ही सिस्टिम खात्याचीच ओळखसंख्या आहे. ती ३२ अक्षरांची माळ म्हणजे त्या घटकाचा कोड, कंस व संयोगरेषा काढून आणि अक्षरांचा क्रम फिरवून लिहिलेला. त्यामुळे उत्पादनाच्या मूळ कोडशी ती जुळवत बसू नये, जशीच्या तशी शोधावी.

लॉगमधून उलगडा झाला नाही, विशेषतः सेटअप एमएसआय प्रकारचा नसला, तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले ‘प्रोसेस मॉनिटर’ हे मोफत साधन वापरावे. त्यात ‘रिझल्ट’ रकान्यात ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असलेल्या ओळींचा फिल्टर लावून सेटअप चालवला की कोणत्या प्रोसेसला कोणत्या कीवर नकार मिळाला ते समोर येते. वापरकर्त्याचा रकाना मुद्दाम चालू करावा, म्हणजे नकार सिस्टिमला मिळाला की तुमच्या खात्याला, हेही कळते. मात्र प्रत्येक नकार दोषी नसतो. पुष्कळ प्रोग्रॅम आधी जास्तीचा अधिकार मागतात आणि नाही मिळाला तर कमी अधिकारावर काम भागवतात. रोलबॅक (झालेले काम पुसत माघारी जाणे) सुरू होण्याच्या अगदी आधीचा नकार आपल्याला हवा असतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण

एका कर सल्लागाराच्या कार्यालयात डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर बसत नव्हता. विवरणपत्रे भरण्याचे दिवस, आणि संगणक दुसऱ्या एका कंपनीने वापरून विकलेला. प्रत्येक वेळी १४०६ येत होता. लॉगमधील पत्ता ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘क्रिप्टोग्राफी’, ‘कॅले’ आणि ‘स्मार्टकार्ड्स’ या वाटेने जाऊन टोकनच्या नावाच्या कीवर संपत होता. विंडोजच्या दृष्टीने असे टोकन म्हणजे एक स्मार्ट कार्डच असते, आणि कोणत्या कार्डासाठी कोणता क्रिप्टोग्राफिक प्रोव्हायडर (सही व सांकेतिकीकरणाचे काम करणारा घटक) वापरायचा याची नोंद ड्रायव्हर येथेच करतो. ती झाली नाही तर टोकन दिवा लावते, पण सहीसाठीचे सर्टिफिकेट यादीत दिसत नाही.

रजिस्ट्री एडिटरमध्ये त्या कीवर राइट क्लिक करून ‘परमिशन्स’ उघडल्यावर यादीत दोनच नावे होती. एक ‘अकाउंट अननोन’, त्यापुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांब संख्या आणि पूर्ण अधिकार. दुसरे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स, केवळ वाचण्यापुरते. सिस्टिमचा पत्ताच नव्हता. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये पाहिले तर वारसा बंद होता आणि मालकही तीच अनोळखी संख्या होती. संगणक पूर्वी ज्या कंपनीच्या डोमेनमध्ये (एका ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कमध्ये) होता, तेथल्या एखाद्या खात्याने जुना ड्रायव्हर बसवून या एका कीचे अधिकार स्वतःपुरते आवळले असावेत. डोमेन सुटल्यावर त्या संख्येला नाव उरले नाही, पण अधिकार तसाच राहिला. याच्या वरची ‘स्मार्टकार्ड्स’ ही की आणि ‘वॉव६४३२नोड’खालची तिची जोडीदार अगदी निरोगी होती. त्यामुळे दुरुस्ती केवळ त्या एका कीपुरती करायची होती.

दुरुस्ती

आधी परत फिरण्याची सोय करावी. सिस्टिम रिस्टोअर पॉइंट तयार करावा आणि ती की एक्स्पोर्टही करावी. परंतु नेहमीच्या ‘रेग’ प्रकारच्या एक्स्पोर्टमध्ये परवानग्या साठवल्या जात नाहीत, फक्त कीज आणि व्हॅल्यूज साठवल्या जातात, हे फार कमी लोकांना ठाऊक असते. परवानग्यांसह प्रत हवी असेल तर एक्स्पोर्टच्या चौकटीत फाइलचा प्रकार ‘रजिस्ट्री हाइव्ह फाइल्स’ असा निवडावा. याखेरीज ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकीचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. आधी मालक कोण होता हे नंतर आठवत नाही, आणि तो परत लावताना तेच लागते.

मग मालकी घ्यावी. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘ओनर’समोरील ‘चेंज’ दाबून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स हा गट लिहावा आणि ‘चेक नेम्स’ने तपासून घ्यावा. संगणक डोमेनमध्ये असेल तर ही खिडकी नाव डोमेनमध्ये शोधते, म्हणून तेथील ‘लोकेशन्स’मधून स्थानिक संगणक निवडावा. खालच्या कीजही अडकलेल्या असतील तर ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’वर खूण करावी. ‘अप्लाय’ दाबल्यावर सर्व खिडक्या बंद करून परमिशन्स पुन्हा उघडाव्यात, कारण नवी मालकी लागू झाल्याशिवाय यादी बदलू दिली जात नाही. नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळजण ‘मालकी घेऊनही जमत नाही’ म्हणून सोडून देतात.

यानंतर ‘एनेबल इन्हेरिटन्स’ दाबावे. वरची की निरोगी असेल तर सिस्टिम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स यांचे पूर्ण अधिकार आपोआप खाली येतात आणि हाताने काही भरावे लागत नाही. अनोळखी संख्येची नोंद आणि ‘डिनाय’च्या नोंदी काढून टाकाव्यात. ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ ही खूण छोट्या, टोकाच्या कीवरच करावी. ‘सॉफ्टवेअर’ किंवा ‘क्लासेस’सारख्या मोठ्या शाखेवर ती केल्यास खालच्या असंख्य कीजच्या मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या परवानग्या एका क्षणात सपाट होतात आणि त्या पूर्ववत करण्याचा सोपा मार्ग नाही. शेवटी मालक पूर्वी जो असायला हवा होता तो करावा, जसे ‘इन्स्टॉलर’खालच्या ‘युजरडेटा’मध्ये सिस्टिम. वरील उदाहरणात एवढे केल्यावर ड्रायव्हर विनातक्रार बसला आणि सर्टिफिकेट यादीत आले.

‘कंपोनंट्स’खाली अशा आजारी कीज एकापेक्षा जास्त असू शकतात. एक दुरुस्त केल्यावर रिट्राय दाबले की इन्स्टॉलर पुढच्या आजारी कीवर थांबतो आणि चौकटीतली संख्या बदलते. याला ‘तीच अडचण पुन्हा आली’ असे समजू नये. संख्या बदलत असेल तर काम पुढे सरकते आहे. अशा वेळी ‘कंपोनंट्स’ या एका कीवरून सिस्टिमला पूर्ण अधिकार देऊन तो खाली पोचवणे योग्य ठरते, कारण त्या शाखेत विंडोज इन्स्टॉलरच्याच नोंदी असतात.

हे करू नये

‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार देऊन टाका, म्हणजे कटकट संपली, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने इन्स्टॉलेशन बहुधा पारही पडते, म्हणूनच तो अधिक घातक आहे. कुलूप अडले म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे ते आहे. ‘रन’ किंवा ‘इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स’ यांसारख्या कीज त्या शाखेत आल्या, तर साधे, मर्यादित खातेही तेथे आपल्या पसंतीचा प्रोग्रॅम लिहून ठेवू शकते, आणि पुढच्या वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने लॉग-इन केले की तो त्याच्या अधिकाराने चालतो. शाळेतल्या संगणक कक्षात किंवा अनेकजण वापरत असलेल्या कार्यालयीन संगणकावर याचे परिणाम काय होतील, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा सल्ला सबइनएसीएल या जुन्या साधनाची बॅच फाइल चालवून संपूर्ण रजिस्ट्रीच्या परवानग्या ‘रीसेट’ करण्याचा. ते साधन विंडोज २००० आणि २००३ च्या काळातले आहे. व्हिस्टापासून विंडोजच्या स्वतःच्या अनेक कीजची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्या अंतर्गत खात्याकडे असते आणि तेथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सनाही मुद्दामच केवळ वाचण्याचा अधिकार ठेवलेला असतो, ती बॅच फाइल हा भेद जाणत नाही. सेकएडिट ही आज्ञा आणि ‘डेफल्टबेस’ हा विंडोजचा साचा वापरून परवानग्या मूळपदावर आणण्याचा उपायही व्हिस्टानंतरच्या विंडोजमध्ये अपुरा आहे, कारण बहुतेक परवानग्या त्या साच्यात नसून विंडोजचे घटक बसताना लावल्या जातात. परवानग्या खरोखरच सर्वदूर बिघडल्या असतील तर फाइली व प्रोग्रॅम राखून विंडोजची त्याच आवृत्तीवर दुरुस्ती-स्थापना करणे हा त्यापेक्षा कितीतरी खात्रीचा मार्ग आहे.

परवानग्या बरोबर असूनही नकार मिळत असेल

सिस्टिमला पूर्ण अधिकार आहे, ‘डिनाय’ नाही, ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’ही सर्व हिरव्या खुणा दाखवतो आणि तरीही आकडा ५ येतो, तेव्हा संशय अँटिव्हायरसवर घ्यावा. त्याचे स्वसंरक्षण कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, पातळीवरून रजिस्ट्रीवर लक्ष ठेवते आणि परवानग्यांची यादी काहीही म्हणो, लिहू देत नाही. अँटिव्हायरस अर्धवट काढला असेल तर त्याचा ड्रायव्हर मागे राहून हेच करत राहतो. अशा वेळी त्या कंपनीने दिलेले खास रिमूव्हल टूल वापरावे. सेफ मोडमध्ये जाऊन इन्स्टॉल करून पाहण्याचा मोह होतो, पण तेथे विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिस सहसा सुरूच होत नाही. पत्ता ‘करंट युजर’च्या शाखेतला असेल तर मात्र गणित उलटते. तेथे इन्स्टॉलर वापरकर्त्याच्या वतीने लिहितो, म्हणून सिस्टिमपेक्षा त्या खात्याचा स्वतःचा अधिकार तपासावा.

दुरुस्त केलेले पुन्हा बिघडत असेल

ही अडचण काही दिवसांनी परत येत असेल, तर कुणीतरी त्या परवानग्या पुन्हा बदलत आहे आणि ते शोधल्याशिवाय सुटका नाही. डोमेनमधील संगणकावर पहिला संशय ग्रुप पॉलिसीवर घ्यावा. तिच्या ‘सिक्युरिटी सेटिंग्ज’मध्ये ‘रजिस्ट्री’ नावाचा एक कप्पा असतो. तेथे एखाद्या कीच्या परवानग्या ठरवलेल्या असतील तर पॉलिसीत काहीही बदल नसला तरी साधारण दर १६ तासांनी त्या पुन्हा लादल्या जातात. संध्याकाळी दुरुस्त केलेला संगणक दुसऱ्या दिवशी पुन्हा अडतो तो यामुळे. जीपीरिझल्ट या आज्ञेने लागू पॉलिसींचा अहवाल काढून तो कप्पा पाहावा आणि दुरुस्ती संगणकावर न करता पॉलिसीत करून घ्यावी, म्हणजे डोमेन सांभाळणाऱ्यांना कीचा पत्ता आणि लॉगमधील ओळ पाठवावी. घरगुती संगणकावर असाच उपद्रव रजिस्ट्री ‘क्लीनर’ किंवा ‘ऑप्टिमायझर’ म्हणवणारी साधने करतात. ती काढून टाकावीत. त्यांनी वाचवलेल्या जागेपेक्षा त्यांचा ताप मोठा असतो.

तरीही गुन्हेगार सापडत नसेल तर ऑडिट लावावे. स्थानिक सुरक्षा धोरणात रजिस्ट्रीचे ऑडिट चालू करून, त्या कीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधील ‘ऑडिटिंग’ या पानावर ‘एव्हरीवन’साठी परवानग्या बदलण्याच्या अधिकारावर, म्हणजे ‘राइट डीएसी’वर, लक्ष ठेवायला सांगावे. येथे ‘एव्हरीवन’ लिहिण्यात धोका नाही, कारण ही नोंद अधिकार देत नाही, फक्त पाहते. पुढच्या वेळी परवानग्या बदलल्या की इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिक्युरिटी’ लॉगमध्ये ४६७० क्रमांकाची नोंद उमटते, आणि तीत जुन्या व नव्या परवानग्यांसोबत तो बदल करणाऱ्या खात्याचे व प्रोसेसचे नावही असते.